तालीम, जिम आणि माणसांची जोड: करमाळ्यात लोक व्यायामाला का जमतात?

२३ डिसेंबर २०१८ रोजी जालन्यात महाराष्ट्र केसरी किताबाची अंतिम कुस्ती झाली. आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके याला हरवून बाला रफिक शेखने मानाची गदा खांद्यावर घेतली. स्पर्धेत तो बुलढाण्याकडून उतरला होता. पण त्याचे मूळ गाव खडकी, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. घरात कुस्तीची परंपरा. पुढे कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली आणि नंतर पुण्यात त्याने मेहनत केली. आंदळकरांचे निधन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाले होते, त्यामुळे शिष्याची गदा पाहायला वस्ताद नव्हते.

खडकी ते गदा या प्रवासात पैलवानाचे कष्ट दिसतात. त्याच्याशी रोज अंग घासणारी, त्याच्यासाठी माती उकरणारी, त्याच्याकडून हरणारी आणि त्याला हरवणारी पोरे मात्र दिसत नाहीत. कुस्ती एकट्याने शिकता येत नाही. म्हणूनच तालीम ही व्यायामाची जागा असतानाच माणसे जोडणारी जागाही झाली. आज करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात तालमीच्या शेजारी जिम उभी आहे, मैदानावर पोलीस भरतीची मुले धावत आहेत, बागेत खुली व्यायामशाळा आहे. यांपैकी कुठे माणसे खरोखर एकमेकांच्या जवळ येतात आणि कुठे नुसती शेजारी उभी राहतात, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे.

प्रश्न गंभीर का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांवर एक आयोग नेमला. जून २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो आणि एकाकीपणाशी जोडता येतील असे मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात जातात. एकटे राहणे आणि एकाकी असणे यांत फरक आहे. भरल्या घरातला माणूसही एकाकी असू शकतो. मनातले बोलायला किंवा रात्री-अपरात्री हाक मारायला कोणी नसणे, म्हणजे एकाकीपणा.

खेडे म्हटले की सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे एकाकीपणा कुठून येणार, असे शहरातल्यांना वाटते. हा गोड गैरसमज आहे. करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला सीना. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली भीमाकाठची गावे गेली, वस्त्या उठल्या, माणसे नव्या गावठाणांत आली. पाणलोटाच्या कडेला ऊस आणि केळी आली, तर पाणी न पोहोचलेल्या भागात ज्वारीच राहिली. शिकलेली मुले पुण्याला जातात. मागे राहणाऱ्यांत बरेचजण शेतावरच्या वस्तीवर राहतात, म्हणजे गावापासून दोन-तीन किलोमीटरवर. पारावर बसण्याची सवय मोडली, चावडी कार्यालय झाली. पंचविशीतल्या मुलाला रोज ठरावीक वेळी, काही विकत न घेता, चार माणसांत जाऊन उभे राहता येईल अशा जागा मोजायला एक हात पुरतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटले. पहिली घर, दुसरी कामाची, आणि तिसरी जिथे माणूस नुसता माणूस म्हणून जातो. हुद्दा बाहेर ठेवायचा, ओळखीचे चेहरे भेटायचे, गप्पा हाच मुख्य धंदा. कटिंगची दुकाने, चहाच्या टपऱ्या, वाचनालये ही आपल्याकडची उदाहरणे. तालीम या व्याख्येत थोडी वेगळ्या तऱ्हेने बसते. तिथे गप्पा कमी आणि घाम जास्त. पण हुद्दा दाराबाहेर ठेवावा लागतो हे मात्र अक्षरशः खरे. लंगोटावर कोण सरपंचाचा आणि कोण सालगड्याचा हे दिसत नाही. निदान दिसू नये, अशी अपेक्षा असते.

तालीम चालते कशी?

‘तालीम’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ शिक्षण. मराठीत त्याचे दोन अर्थ रुजले: नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम. दोन्हींत एक गोष्ट समान आहे, समोर दुसरा माणूस लागतो.

गावच्या तालमीची रचना साधी असते. जाड भिंतींची, कमी खिडक्यांची खोली. दार बुटके, आत जाताना मान वाकवावीच लागते. कोनाड्यात मारुती. मध्ये हौदा, म्हणजे तांबड्या मातीचा आखाडा. ही माती शेतातून उचलून टाकलेली नसते. ती चाळतात, खडा-काटा काढतात आणि तिच्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद असे पदार्थ मिसळून मुरवतात. माती मऊ राहावी, कातडीला जखम झाली तर चिघळू नये, असा त्यामागचा हिशेब. हौद्याला पाय लावण्याआधी वाकून माती कपाळाला लावायची.

रोजच्या मेहनतीआधी हौदा उकरावा लागतो, कारण अंगांच्या वजनाने माती दबून कडक होते. खोरे घेऊन पूर्ण हौदा उकरणे हा खांदे आणि कंबरेचा उत्तम व्यायाम आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सामायिक काम आहे. आज उकरलेल्या मातीत आपण एकटे पडणार नसतो, सगळेच पडणार असतात. कंटाळा करून एखादा कोपरा कडक ठेवला तर उद्या कुणाच्या तरी खांद्याला मार बसणार. जिममध्ये पैसे भरणारा गिऱ्हाईक असतो. हौदा उकरणारा गिऱ्हाईक राहत नाही. तालमीतल्या आपलेपणाचे मूळ शोधायचे तर मारुतीच्या कोनाड्याआधी त्या खोऱ्याकडे पाहावे.

मग जोर, बैठका, दोरी चढणे, मुद्गल फिरवणे. त्यानंतर लढत. इथे ‘जोड’ हा शब्द येतो. मैदानात दोन तुल्यबळ पैलवानांची कुस्ती लावणे म्हणजे जोड लावणे. तालमीत आपल्या वजनाचा, आपल्या ताकदीचा सोबती म्हणजे जोड. चांगली जोड मिळाली नाही तर पैलवान वाढत नाही. फार कमजोर सोबती असला तर डाव बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो, आणि फार बलवान असला तर नुसते पडणे होते. त्यामुळे प्रत्येकाचा स्वार्थ शेजारच्याच्या प्रगतीत अडकलेला असतो. पोकळ घिस्सा किंवा ढाक शिकवताना समोरच्याने आपली मान, खांदा, गुडघा काही क्षण दुसऱ्याच्या हवाली केलेला असतो. इतक्या जवळून रोज तासभर झटणारी माणसे एकमेकांशी अनोळखी राहूच शकत नाहीत. भांडतील, अबोला धरतील, पण अनोळखी राहणार नाहीत.

या सगळ्यावर वस्ताद. कुणाला कुणाशी लढवायचे, कुणाला आज विश्रांती, कुणाच्या घरी काय चालले आहे, कोण दोन दिवस दिसला नाही, हे त्याच्या डोक्यात असते. गैरहजेरीची दखल घेतली जाणे ही लहान गोष्ट वाटते. पण समूहात असल्याची खूण बऱ्याचदा एवढीच असते: आपण न आल्याचे कुणाला तरी कळते. गावच्या तालमीत फी बहुधा नसतेच. असलीच तर नावाला. कोल्हापूरसारख्या ठिकाणी तालमीत राहणारी मुले गटागटाने स्वयंपाक करतात, खुराकाचा खर्च वाटून घेतात. खेड्यातून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला भाकरी थापता येऊ लागते, ती इथेच.

यात्रा, मैदान आणि वर्गणी

तालमीचे वर्तुळ तिच्या भिंतींपाशी संपत नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यात गावची यात्रा म्हणजे कुस्त्यांचे मैदान हे ठरलेले. वर्गणी गोळा होते, पंच ठरतात, हलगी कडाडते. सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी, रेवड्यांवर किंवा नारळावर. इनाम चढत जाते आणि शेवटची कुस्ती सर्वांत मोठी. विजेत्या पोराला फड सोडून गर्दीतून फिरवतात आणि लोक त्याच्या हातात दहा, पन्नास, शंभराची नोट ठेवतात. ज्याने वर्षभर त्या मुलाला गल्लीत पाहिलेही नसते, तोही देतो. हा पैसा खुराकात जातो. गाव पैलवानाला पोसते, हे वाक्य अलंकारिक नाही. त्यात दूध, बदाम, तूप यांचा रोख हिशेब आहे.

खाशाबा जाधव यांची गोष्ट या हिशेबाची सर्वांत मोठी साक्ष आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते घर सोडवले असे सांगतात.

कोविडच्या काळात ही साखळी तुटली तेव्हा ती किती भक्कम होती ते कळले. मार्च २०२० पासून यात्रा बंद, मैदाने बंद. महाराष्ट्रात जिम आणि व्यायामशाळा उघडायला २५ ऑक्टोबर २०२०, म्हणजे दसरा उजाडला. शहरातल्या जिममालकांचे भाडे थकले हे वर्तमानपत्रांत आले. गावोगावच्या पैलवानांचा हंगाम बुडाला, खुराक तुटला आणि कितीतरी पोरे शेतात मजुरीला लागली, हे त्या मानाने कमी छापले गेले.

एकाच तालमीतून काय काय निघाले

महाराष्ट्रात तालमीने फक्त पैलवान घडवले नाहीत. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. लहुजी मातंग समाजातले. ज्या काळात सावलीचाही विटाळ मानला जाई त्या काळात माळ्याचा मुलगा त्यांच्याकडे शस्त्रविद्या शिकायला जात होता. पुढे फुल्यांनी शाळा काढल्या तेव्हा मुले मिळवून देण्यात लहुजींची मदत झाली. त्यांच्या नात्यातली मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तालमीतली ओळख शाळेच्या उपयोगी पडली, ती अशी.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. तिथल्या पेठापेठांतल्या तालमी आज निराळ्याच कारणाने गाजतात: फुटबॉल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही तिथल्या नामांकित फुटबॉल संघांची नावे आहेत. बाहेरच्या माणसाला फुटबॉल संघाच्या नावात ‘तालीम’ पाहून नवल वाटते. पण तालीम म्हणजे मुळात गल्लीचे एकत्र येणे, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते. हौदा बुजला तरी एकत्र येणे उरले आणि त्याने चेंडू उचलला. याच तालमी गणपती बसवतात, आणि त्यांतल्या अनेक मोहरमला पंजेही बसवतात. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा एकत्र बसल्याची छायाचित्रे दोन्ही सण जवळ आले की हमखास फिरतात. सोलापूर शहरातही पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आता कुस्तीपेक्षा उत्सव, मिरवणुका आणि लेझीम यांसाठी अधिक ओळखली जातात.

विदर्भात वळण वेगळे पडले. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. या संस्था मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांसाठी आणि लवकरच मुलींसाठीही व्यायामाची दारे उघडणाऱ्या ठरल्या.

एकत्र केल्याने शरीरात काही बदलते का?

होय, असे मानायला जागा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी, १८९८ मध्ये, नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने सायकलस्वारांच्या वेळा तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध पळणाऱ्यांपेक्षा सोबत कोणी असणारे वेगवान होते. सामाजिक मानसशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना होते.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघावर केलेला प्रयोग त्याहून बोलका आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वल्हे मारण्याच्या यंत्रावर त्याच खेळाडूंनी एकदा एकट्याने आणि एकदा संघाबरोबर एका लयीत ४५ मिनिटे कष्ट केले. कष्ट सारखेच. पण एकत्र केल्यावर वेदना सहन करण्याची त्यांची मर्यादा जास्त वाढलेली आढळली. वेदना दाबणारी एंडॉर्फिन नावाची द्रव्ये शरीर सोडते आणि लयीत, सोबतीने हालचाल केली की ती अधिक सुटत असावीत, असा संशोधकांचा अंदाज. नमुना अगदी लहान, बारा जणांचा; म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये. मात्र लेझमीच्या रांगेत किंवा ओळीने जोर मारताना एकट्याने जमले नसते तेवढे जमते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा निष्कर्ष ऐकून धक्का बसणार नाही.

कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांवर माणसांचा सुमारे २५ वर्षे मागोवा घेतला गेला. २०१८ च्या या निष्कर्षांत बैठे आयुष्य जगणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान ९.७ वर्षांनी जास्त दिसले, बॅडमिंटनवाल्यांचे ६.२, फुटबॉलवाल्यांचे ४.७, पळणाऱ्यांचे ३.२, तर जिमसारख्या ठिकाणी व्यायाम करणाऱ्यांचे अवघे १.५ वर्षांनी. जोडीदार किंवा संघ लागणारे खेळ वर आणि एकट्याने करायचे व्यायाम खाली, हे सहज नजरेत भरते. पण टेनिस खेळणारी माणसे मुळातच सुखवस्तू असू शकतात, आणि असे निरीक्षण कारण सिद्ध करत नाही. अभ्यासकांनीही ते मान्य केले आहे. जिमला जाणे वाया गेले, असा अर्थ कोणी काढू नये.

मग जिमचे काय?

तालुक्याच्या गावात जिम म्हणजे बहुधा शटरचा मोठा गाळा किंवा मंगल कार्यालयाच्या वरचा मजला. आरसे, लोखंडी प्लेटा, दोन-तीन मशिनी, भिंतीवर शरीरसौष्ठवपटूंची पोस्टर आणि मोठ्या आवाजातली गाणी. सकाळ-संध्याकाळच्या बॅच, महिन्याची फी. महानगरातल्या साखळी जिममध्ये कानात इअरफोन घालून ट्रेडमिलवर चालणारी, वर्षभर शेजारी चालूनही एकमेकांचे नाव माहीत नसलेली माणसे आढळतात. लहान गावात तसे करणे अवघड. ‘कुणाचा तू?’ हा प्रश्न इथे पहिल्याच दिवशी येतो.

यंत्रांच्या गर्दीतही जोडीची गरज पुरती गेलेली नाही. छातीवर वजन घेऊन पडलेल्या मुलाला डोक्यामागे कोणीतरी उभे लागते. जिमची पोरे त्याला ‘सपोर्ट दे’ म्हणतात. शेवटचे दोन रेप अनोळखी माणसाच्या बोटांच्या आधाराने मारले की पुढच्या दिवशी नमस्कार होतो आणि आठवड्याने चहा. ज्या जिममध्ये मशीनच मशीन आहेत तिथे ही वेळ कमी येते. मोकळी वजने, रिंगण आणि एकच ट्रेनर असलेल्या स्वस्त जिममध्ये जास्त येते. नातेसंबंधांच्या दृष्टीने पाहिले तर गरिबीची जिम कधी कधी श्रीमंत ठरते.

पण फरक आहेच. जिममध्ये प्रवेश पैशाने मिळतो. फी थांबली की येणे थांबते आणि न येण्याचे कारण विचारणारा वस्ताद नसतो. ट्रेनर असतो, त्याचा पगार सभासदांच्या संख्येवर. दुसरा फरक वयाचा. तालमीत सात वर्षांचे पोर आणि सत्तरीचा जुना पैलवान एकाच कट्ट्यावर बसतात. म्हाताऱ्याने एकही जोर मारला नाही तरी त्याला जागा असते. जिममध्ये व्यायाम न करणाऱ्या माणसाला बसायला स्टूलसुद्धा नसते.

या दोन्हींपेक्षा आज अधिक जिवंत दिसणारी गोष्ट म्हणजे भरतीची मुले. पहाटे पाचला महाविद्यालयाच्या मैदानावर किंवा रस्त्याच्या कडेने धावणारे हे गट सोलापूर जिल्ह्यात कुठेही दिसतात. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. एक जण घड्याळ धरतो, बाकीचे धावतात. गोळा एकाचा, फेकतात सगळे. जागा मोजक्या आणि अर्ज अफाट, म्हणजे खरे तर हे एकमेकांचे स्पर्धक. तरी मागे पडणाऱ्याला ओढून नेतात, कारण जोडीशिवाय आपली वेळही सुधारत नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. नव्या काळातली तालीम कुठे आहे असे कोणी विचारले तर या मैदानाकडे बोट दाखवावे लागेल. तिला छप्पर नाही, मारुती नाही आणि वयाची अट आहे. भरती झाली किंवा वय उलटले की मुलगा गटातून बाहेर पडतो. न झालेल्यांचे पुढे काय, याची जबाबदारी कुणावर नाही.

दार कुणासाठी बंद?

माणसे जोडणाऱ्या प्रत्येक जागेला एक बाहेरची बाजू असते. तालमीची बाहेरची बाजू म्हणजे बाया. शतकानुशतके हौद्यात स्त्रीने पाय ठेवायचा नाही, मैदान पाहायलाही यायचे नाही, असा रिवाज. तो आता मोडतो आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून खेळली जाते. मुलींना बासष्ट वर्षे थांबावे लागले. लहान गावात मुलीने पहाटे एकटीने धावायला जाणे अजूनही चर्चेचा विषय होतो. तिथे भरतीचा गट किंवा जिममधली बायकांची स्वतंत्र वेळ तिच्यासाठी व्यायामाइतकीच बाहेर पडण्याची परवानगी ठरते. दुपारच्या त्या तासात येणाऱ्या बायकांना वजन कमी करायचे असतेच, पण सासर-माहेर सोडून तिसऱ्या कुणाशी तरी बोलायचेही असते. ओल्डनबर्गची तिसरी जागा शोधायला खरे तर त्यांच्याकडेच जावे.

जातीबद्दल लिहिताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. मैदानात नाव पुकारताना गाव आणि वस्ताद सांगतात, बाला रफिकच्या विजयाला खडकीने आपला विजय मानले, हे खरे. पण तालीम ज्या गल्लीची, त्या गल्लीतल्या वस्तीचा रंग तिला लागतो, हेही खरे. जवळ येणे आणि बाहेर ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीने होतात.

राजकारण हे आणखी एक दार. व्यायामशाळेला साहित्य देणे हा आमदार-नगरसेवकांना परवडणारा आणि फलक लावता येणारा खर्च आहे. राज्याच्या क्रीडा खात्याकडून व्यायामशाळांना अनुदानही मिळते. साहित्य येते, उद्घाटन होते, आणि देखभालीला व चावी सांभाळायला कोणी नसेल तर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. बागांतल्या खुल्या व्यायामशाळांचेही तेच. जिथे चार म्हाताऱ्यांनी आपली वेळ ठरवून घेतली तिथे त्या चालतात. उपकरण सर्वत्र तेच. फरक त्या चौघांचा.

सर्वांत काळजीची गोष्ट मात्र विश्वासातूनच येते. ज्या मित्राच्या हाताखाली छातीवरचे वजन सोपवले, त्यानेच सांगितलेली पावडर आणि इंजेक्शनही मुलगा डोळे झाकून घेतो. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्याचे औषध. त्याची इंजेक्शने व्यायाम करणाऱ्या तरुणांना बेकायदा विकली जात असल्याची प्रकरणे पुण्यासह राज्यात काही ठिकाणी पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. हृदयाची लय बिघडणे, व्यसन लागणे, मन भ्रमिष्ट होणे असे त्याचे धोके. जुना वस्ताद खुराकावर नजर ठेवत असे, त्यामागे केवळ शिस्त नव्हती. आजच्या जिममध्ये कोण काय टोचून घेतो यावर नजर ठेवणारे वडीलधारे माणूस बहुतेक वेळा हजरच नसते.

नव्याने सुरू करायचे तर

गावात व्यायामाची जागा उभी करू पाहणाऱ्यांना तालमीच्या रचनेतून काही गोष्टी घेता येतात. वेळ ठरावीक असावी, कारण चोवीस तास उघड्या जागेत कुणाचीच कुणाशी गाठ पडत नाही. एखादे काम सर्वांच्या वाटणीचे असावे: झाडणे, पाणी भरणे, वजने जागेवर लावणे. निदान एक व्यायाम जोडीशिवाय न होणारा हवा. दोरी ओढणे, कबड्डी किंवा मल्लखांबाभोवती उभे राहून सांभाळणेही चालते. व्यायाम न करणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दाराशी कट्टा हवा. मुलींची वेळ उरलेली नव्हे, ठरवून दिलेली हवी. आणि हजेरी कुणाच्या तरी डोक्यात असावी, यंत्रात नव्हे.

यांतल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. हौद्याचे तर उलटच आहे, तिथे पैसा देऊन सुटका नाही: माती पुन्हा दबते आणि संध्याकाळी कुणालातरी खोरे उचलावे लागते.